एकाच एसटीत हरवलेले बासष्ट कागद

गेल्या महिन्यात केदारनाथ वारला. तिसऱ्या दिवशी घाटनांदूरच्या स्टेशन रोडला त्याचा बोर्ड लागला. हसरा फोटो, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, आणि खाली मजकूर: 'कामगारांना शेअर बाजाराची वाट दाखवणारा आधारवड हरपला.' मेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे. ते चार शब्द बोर्डावर बोलून झालेत, तेव्हा मी ते पुन्हा बोलणार नाही. मी चंद्रभागाबाईची मुलगी, वर्षाराणी. मला जो केदारनाथ माहीत आहे तो लिहिते.

तो मूळचा युसूफ वडगावचा. वडील कल्याणराव यांचं तिथं कापडाचं दुकान होतं आणि कल्याणराव हा सोन्यासारखा माणूस, असं आजही जुने लोक सांगतात. कापड मोजताना वीतभर जास्तच सोडायचे. पोरगं मात्र त्यांच्यावर गेलं नाही. गिऱ्हाइकापुढं तागे उलगडत बसायची त्याला लाज वाटायची. अंबाजोगाईला राहून तो बी.कॉम. झाला आणि घाटनांदूरजवळ पाइपांचा कारखाना निघाला तेव्हा तिथं हजेरी घ्यायच्या खिडकीत जाऊन बसला. कामगार त्याला 'टाइमवाले साहेब' म्हणायचे.

माझी आई त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. पाइपांची वेटोळी करायची, बांधायची आणि थप्पीला लावायची, हे तिचं काम. वडील मी चार वर्षांची असताना गेले, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या हातावर होतं. एकदा मला ताप होता म्हणून ती दहा मिनिटं उशिरा पोचली. केदारनाथनं अर्धा दिवस कापला. वर सगळ्या बायकांसमोर म्हणाला की पोरगी आजारी असेल तर घरी बसावं, हा कारखाना आहे, दवाखाना नाही. आई हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं बोलून दाखवायची. ती कुणाची नक्कल करत नसे, पण याची करायची.

चौऱ्याण्णव साली कंपनीनं शेअर काढले आणि त्यात कामगारांचा कोटा ठेवला. दहा रुपयाला एक शेअर, पैसे पगारातून थोडे थोडे कापणार. शेअर म्हणजे काय, हे निम्म्या लोकांना कळलं नव्हतं. काहींना तो फंड वाटला, काहींना विमा. ते सगळे फॉर्म केदारनाथनं भरले. अंगठेवाल्यांचे अंगठे साक्षीदारासह घेतले, एकाचाही फॉर्म परत आला नाही. हे काम त्यानं चोख केलं. असं लिहायला मला जड जातं, पण केलं.

सहा महिन्यांनी पोस्टानं कागद आले. जाड कागद, हिरवी किनार, वर कारखान्याचं चित्र आणि बाकी सगळं इंग्रजी. आईच्या नावावर तीनशे शेअर होते. तिनं तो कागद खणात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि दिवाळीला लक्ष्मीपूजनाला काढून पाटावर मांडला. नाणी, नवी केरसुणी, बत्तासे आणि शेअर. हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, वर झेंडूचं फूल. पॅकिंगच्या बायकांनी एकमेकींना विचारून सगळ्यांनीच तसं केलं. ज्या कागदावर घराचा पैसा आहे तो पूजेबाहेर कसा ठेवायचा? पुढल्या दिवाळीला पुन्हा तेच. पाच दिवाळ्यांत कुंकवाचा थर चांगला बसला. केदारनाथच्या बायकोनं, शिवकांताबाईनंही, आपल्या घरच्या कागदाला तेच केलं होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

अठ्ठ्याण्णव साली केदारनाथचं मोठ्या साहेबांशी वाजलं. कुणाच्या तरी हजेरीवरून साहेबांनी त्याला कामगारांसमोर जाब विचारला. दुसऱ्याला चारचौघांत बोलताना याला कधी काही वाटलं नव्हतं, पण स्वतःला बोललेलं सोसलं नाही. त्यानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि या गेटात पुन्हा पाय ठेवणार नाही असं सांगून निघून आला. ही गोष्ट लक्षात ठेवा. आमचं जे वाटोळं झालं ते या एका शपथेपायी झालं.

मग त्यानं बँकेसमोर पत्र्याचा गाळा घेतला आणि पाटी लावली: 'केदार शेअर सेवा केंद्र'. लातूरहून कॉम्प्युटर आणला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरकडं बोट करायचं नाही. कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराचे किती शेअर, नंबर काय, वारस कोण, हे सगळं त्यानं त्यात भरलं. दर शनिवारी लातूरच्या एजंटाला फोन करून भाव विचारायचा आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. वर्षाला माणशी वीस रुपये. लोक फळ्यापुढं उभे राहून आपापला हिशेब बोटांवर करायचे. आज शहरातली पोरं असल्या कामाच्या कंपन्या काढतात आणि पेपरात त्यांचे फोटो येतात. यानं ते तेव्हा घाटनांदूरला काढलं होतं. कल्पना चांगली होती. माणूस चांगला नव्हता.

त्याच वर्षी कारखान्यानं पॅकिंगच्या बायका कमी केल्या. आईनं मुकादमाची उचल घेतली आणि अभिमन्यूमामाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेली. मला मागं ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मीही गेले. त्या हिवाळ्यात माझी शाळा चार महिने बुडाली.

पुढच्या दिवाळीनंतर बातमी आली की गुजरातची एक कंपनी आपला कारखाना घेतेय आणि जुने शेअर पंच्याऐंशी रुपयांनी विकत घेतेय. मुदत वीस जानेवारी. आईचा हिशेब पाच मिनिटांत झाला. वडवणीला एक जुनी पिठाची गिरणी मोटरसकट पंचवीस हजाराला विकायला होती. आमच्या गल्लीतल्या बायका दळण घेऊन पार स्टेशनपर्यंत जायच्या. गिरणी घरात आली की ऊस सुटला आणि माझी शाळाही राहिली. आईनं त्या वर्षी उचल घेतली नाही. टोळीचा ट्रक आमच्या दारावरून गेला, मामानं हात केला आणि मी दप्तर घेऊन आठवीच्या वर्गात जाऊन बसले. एवढं सुख मला त्याआधी झालेलं आठवत नाही.

केदारनाथनं त्रेसष्ट जणांचे कागद गोळा करून मुंबईला शेअरच्या कचेरीत पाठवले. पंधरा दिवसांत सगळे परत आले. प्रत्येकाला इंग्रजीतली एकेक चिठ्ठी टाचलेली. त्यानं सगळ्यांना गाळ्यासमोर बोलावलं. वाचून दाखवलं ते एवढंच, की कागद खराब केल्यामुळं परत. मग तो बायकांवर घसरला.

"कागदाला कुंकू लावा म्हनून कुनी सांगितलंतं? डाग पाडून ठेवले सगळे. आता ह्याला कुत्रंबी हुंगत न्हाई."

आई बोलली. "लक्ष्मीला कुंकू लावलंय. डाग कावून म्हनता?"

"आंगठा लावनारीनं मला शिकवू नये," केदारनाथ म्हणाला. लोक हसले. आई मागं सरकली नाही, पण तिचे कान लाल झालेले मी बघितले.

त्यानं उपाय सांगितला. कागद हरवला असं लिहून द्यायचं, पोलिसांत अर्ज द्यायचा, की कंपनी दुसरी प्रत देते. स्टँप, टायपिंग आणि पेपरातली जाहिरात मिळून माणशी दीडशे रुपये. लोकांनी रांग लावली. आईचा नंबर आला तेव्हा तिनं कागद छातीशी धरला आणि म्हणाली, "घरात बसलेली लक्ष्मी हरवली म्हनून मी लिवून देनार न्हाई." तो म्हणाला, मग बसा कुंकू लावत. रांगेतले लोकही तिच्यावर चिडले. ही एकटीच मोठी शहाणी, हिच्यामुळं सगळ्यांचं अडेल, असं पॅकिंगच्या बायकाच बोलायला लागल्या. ज्या बायांनी तिच्याबरोबर पाच वर्षं एका थप्पीला हात लावला होता, त्या नळावर तोंड फिरवायच्या. मलाही तिचा राग आला होता, हे कबूल करते. मला वडवणीची गिरणी दिसत होती.

बासष्ट अर्ज झाले. त्यातला एक केदारनाथचा स्वतःचाच होता. आणि इथं या हुशार माणसानं जी चूक केली ती शेंबड्या पोरानंही केली नसती. कॉम्प्युटरवर त्यानं एक अर्ज तयार केला आणि फक्त नावं बदलून बासष्ट वेळा छापला. त्यामुळं बासष्टही जण युसूफ वडगावच्या बाजाराहून येत होते, एकाच तारखेला, एकाच एसटीत, आणि प्रत्येकाचा शेअरचा कागद पिशवीतून पडून गहाळ झाला होता. हा गठ्ठा त्यानं स्वतः ठाण्यात नेऊन दिला.

ठाणं कोणतं ते लिहीत नाही, आजही लोकांची कामं तिथं अडतात. फौजदारांनी चार अर्ज वाचले, मग गठ्ठा चाळला आणि केदारनाथला बसवून घेतलं. त्यांचा हिशेब साधा होता. हे सगळे कागद शेवटचे कुणाच्या हातात होते? याच्या. म्हणजे यानंच ते कुठंतरी विकले आणि आता अडाणी लोकांकडून हरवल्याचे अर्ज लिहून घेतोय. अकरा जानेवारीला दुपारी त्याच्यावर गुन्हा लागला आणि गाळ्याला कुलूप पडलं.

आता गंमत बघा. बासष्टही कागद लोकांच्या पेट्यांत सुखरूप होते. एकानं नेऊन दाखवला असता तर तो सुटला असता. पण दाखवणारा खोट्या अर्जात अडकला असता. सगळ्यांनी हात वर केले. कुणी शेतात गेलं, कुणाला पाहुण्याकडं काम निघालं. काल ज्याच्यापुढं रांगा लावल्या होत्या त्याच्यासाठी एक माणूस ठाण्याची पायरी चढला नाही. खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिवकांताबाई आमच्या दारात आली. ती कधी आमच्या गल्लीत आली नव्हती. पायरीवरच बसली आणि म्हणाली, "आमच्याबी घरी कागद हाय, कुंकवाचा. पन आमीच लिवून दिलंय हरवला म्हनून. तुमी येकट्याच लिवून दिलं न्हाई." तिनं पदर पसरला. आईनं तिला पाणी विचारलं नाही. आत येऊन पेटी उघडली. मी आडवी आले. म्हटलं, जाऊ नको, त्यानं तुला सगळ्यांसमोर काय म्हटलं ते विसरलीस का. आई म्हणाली, ती त्याच्यासाठी जातच नाही. आहे ते नाही म्हणून सरकारात लिहिलेलं तिला बघवत नव्हतं. शिवाय मुदतीला आठ दिवस उरले होते आणि हा घोळ मिटल्याशिवाय कुणाचेच कागद पुढं जाणार नव्हते.

ठाण्यात तिनं खण उलगडला आणि कागद फौजदारांच्या टेबलावर ठेवला. "ही बगा. लक्ष्मी घरीच हाय. सगळ्यांच्याच घरी हाय." फौजदारांनी कुंकवाची बोटं बघितली, मग हवालदाराकडं बघितलं आणि दोघंही पोट धरून हसले. सगळी हकिकत त्यांना तिथंच उमगली. हवालदार गावात फिरला, तर प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं: सापडला. एकाही माणसानं कागद बाहेर काढला नाही, नुसतं लिहून दिलं. संध्याकाळी केदारनाथला जामिनावर सोडलं. खोट्या अर्जांची केस मात्र त्याच्यावर राहिली आणि त्या केसला पुरावा हवा होता. पुरावा टेबलावरच होता.

आईचा कागद फौजदारांनी जमा करून घेतला. ती म्हणाली, मला तो वीस तारखेच्या आत लागतो. ते म्हणाले, कोर्ट देईल, आणि एक पावती तिच्या हातात ठेवली. केदारनाथ शेजारीच उभा होता. कायदा कळणारा तिथं तो एकटाच. त्यानं चप्पल शोधली, घातली आणि बाहेर पडला.

पुढं काय झालं ते अजून सांगताना माझ्या अंगाची आग होते. या प्रकाराची चर्चा कारखान्यात गेली. मोठे साहेब हसले म्हणे आणि त्यांनी निरोप पाठवला की कुंकवाचे कागद गेटवर घेऊन या. नंबर वाचता आला की झालं, कंपनीचा शिक्का मारून देतो. दोन दिवसांत शिक्के बसले. वीस जानेवारीच्या आत बासष्टच्या बासष्ट जणांचे शेअर पंच्याऐंशीनं गेले. केदारनाथचे सुद्धा. त्यानं बायकोला गेटवर पाठवलं, स्वतः आला नाही. आई पोलिसांची पावती घेऊन दोन दिवस गेटवर उभी होती. पावतीवर शिक्का मारता येत नाही, असं तिला सांगितलं.

त्याच आठवड्यात मी आईच्या कागदाची पेटीत राहिलेली ती इंग्रजी चिठ्ठी शाळेत सरांना दाखवली. सरांनी वाचून अर्थ सांगितला. त्यात शेवटची ओळ होती, 'कंपनीच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.' ही ओळ केदारनाथनं वाचली होती आणि आम्हाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्याला गेटात पाय ठेवावा लागला असता.

मुकादमाला माणसं कमी पडत होती. फेब्रुवारीत आईनं उचल घेतली. त्यानंतरचे हिवाळे मी आईबरोबर उसाच्या फडात काढले आणि माझी शाळा नववीला संपली. वडवणीची गिरणी कुणीतरी नेली. केदारनाथनं गाळा पुन्हा उघडला आणि दुसरा कॉम्प्युटर घेतला. रस्त्यात आई दिसली की तो फळ्याकडं तोंड करून खडू शोधायचा.

दोन हजार तीन साली नव्या मालकांनी उरलेसुरले शेअरही त्याच भावानं घ्यायचं ठरवलं. आईनं पावती काढली आणि ठाण्यात गेली. केस केव्हाच निकाली निघाली होती, पण कागद सापडेना. पाच खेपा झाल्या. मुद्देमालाच्या खोलीत पाणी शिरलं होतं, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं असा कागद कधी आलाच नव्हता, असं सांगितलं.

तेव्हा केदारनाथ आमच्या घरी आला. दलालीसाठी आला की आणखी कशासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. पांढरा शर्ट, हातात फाइल आणि शाईचं पॅड. आईनं त्याला बसू दिलं. तो म्हणाला की दुसरी प्रत निघेल, फक्त हरवल्याचा अर्ज द्यावा लागेल. या वेळी पैसे घेणार नाही. आईनं पोलिसांची पावती त्याच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "दे. आता खरंच हरवलीया."

तिनं अंगठा पॅडवर दाबला. मी म्हटलं थांब, आणि अर्ज हातात घेतला. मला आता कुणाकडून वाचून घ्यायची गरज नव्हती. अर्जात लिहिलं होतं की अर्जदार युसूफ वडगावच्या बाजाराहून एसटीनं येत असता सदर कागद पिशवीतून पडून गहाळ झाला. तोच मजकूर होता. त्यानं नुसती तारीख बदलली होती.

मी मोठ्यानं वाचलं. आई अंगठा वर धरून ऐकत होती.

"ठान्यात हरवली," ती म्हणाली. "ठान्यात हरवली म्हनून लिव."

"तसं कसं लिवू? त्यावर शिक्का देनार कोन, तेच ठानं. एसटीचं लिवलं की काम होतंय." त्यानं कागद पुढं सरकवला. "आंगठा द्या अन् पंचवीस हजार घ्या. कशाला हट्ट करता?"

तो खोटं बोलत नव्हता. अंगठा दिला असता तर पैसे मिळाले असते, हे मला कळत होतं आणि आईलाही. दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक निघणार होता. आमचं बोचकं कोपऱ्यात बांधून ठेवलेलं होतं. आईनं त्या बोचक्याकडं बघितलं. मग ती उठली, केदारनाथच्या अगदी जवळ गेली आणि शाईचा अंगठा त्याच्या शर्टाच्या खिशावर दाबला. चांगला दाबला, फॉर्मवर दाबतात तसा.

"डाग डाग म्हनत होतास न्हवं," ती म्हणाली. "ह्यो घे. आता तुला कोन हुंगतंय ते बग."

त्यानं रुमाल काढला, चोळलं, शाई आणखीनच पसरली. फाइल उचलून तो गेला. पॅड आमच्याकडंच राहिलं. सकाळी आम्ही ट्रकमध्ये बसलो. बँकेसमोरून जाताना गाळा उघडलेला होता आणि तो फळ्यावर भाव लिहीत होता, धुतलेला दुसरा शर्ट घालून.

आई आता थकलीय, स्टेशन रोडपर्यंत चालवत नाही. बोर्ड लागल्याचं तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिनं फोटोत त्यानं काय घातलंय एवढंच विचारलं. मी काल मुद्दाम जाऊन आले. पांढरा शर्ट आहे. बोर्डाच्या अगदी पुढ्यात उभं राहून मी त्याचा खिसा नीट बघितला. खिशावर काहीही नव्हतं.